निकष, साक्षीदार आणि आम्ही

नागपूरच्या झिरो माइलचा स्तंभ हा देशाचा मध्यबिंदू आहे, अशी समजूत आम्ही लहानपणी ऐकली आणि पुढे अनेक पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने ऐकवली. तिथेच 'जीटीएस स्टँडर्ड बेंचमार्क' अशी अक्षरे आणि १९०७ हे साल कोरलेले आहे, याकडे मात्र आमचे लक्ष पन्नाशी उलटल्यावर गेले. ती अक्षरे मध्याविषयी काहीच बोलत नाहीत. ती समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची खूण आहे. भूमापन करणारे लोक दगडात एक आडवी खाच पाडीत, त्या खाचेत लोखंडी कोन बसवून त्याचा 'बाक' करीत आणि त्या बाकावर मोजपट्टी उभी करीत. पुढे कित्येक वर्षांनी दुसरा कोणी मोजायला आला तरी त्याची पट्टी नेमकी त्याच जागी उभी राहावी, एवढाच त्या खाचेचा हेतू. बेंचमार्क या शब्दाचे मूळ ते. दगडावर लिहिलेले एक आणि आम्ही वाचीत आलो दुसरेच, ही गोष्ट साहित्य शिकवणाऱ्या माणसाला खजील करणारी होती. गेल्या उन्हाळ्यात एका लॅपटॉपने तोच धडा आम्हांला पुन्हा, आणि अधिक महागात, शिकवला. त्याची ही हकिकत.

लॅपटॉप आमच्या भाच्याचा. तो गेम डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्रिमित दृश्ये रचायची तर संगणकाला स्वतंत्र आणि दणकट ग्राफिक्स चिप लागते, आणि तशी चिप असलेले लॅपटॉप बाजारात 'गेमिंग लॅपटॉप' या नावानेच विकले जातात. आमच्या धाकट्या बहिणीने तो हप्त्यांवर घेऊन दिला होता. त्या एका विशेषणाने घरात त्या यंत्राची आणि त्याच्या धन्याची प्रतिमा पहिल्या दिवसापासूनच ठरून गेली होती. मे महिन्यात, अंतिम प्रकल्पाचे काम ऐन भरात असताना, पडदा मधेच काळा होऊ लागला. कधी क्षणभरात परत येई, पण चालू असलेले काम नाहीसे झालेले असे. कधी सगळे यंत्रच बंद होऊन पुन्हा सुरू होई. बहिणीचा फोन आला, "दादा, रात्र-रात्र गेम खेळून याने मशीनची वाट लावली. तूच समजाव आता." आम्ही समजावले. समजावले म्हणजे काय, तर हप्ते किती उरले आहेत येथपासून आमच्या विद्यार्थिदशेतल्या कंदिलापर्यंत सर्व काही ऐकवले. "मामा, मी खरंच काही केलेलं नाही," एवढे तो एकदा म्हणाला आणि मग गप्प बसला. त्या गप्प बसण्याला आम्ही कबुलीजबाब मानले.

त्याच्या एका मित्राने सुचवले, की प्रकल्पाच्या फायलीवर प्रयोग करत बसण्यापेक्षा बेंचमार्क चालवून बघावा. थ्रीडीमार्क हा त्यातला प्रसिद्ध. फिनलंडमधल्या फ्युचरमार्क या कंपनीने तो १९९०च्या दशकाच्या अखेरीस काढला; २०१४ साली ती कंपनी यूएल या जुन्या अमेरिकी तपासणी संस्थेकडे गेली. त्यातली 'टाइम स्पाय' ही चाचणी २०१६ सालची. एका भव्य संग्रहालयातली दृश्ये पडद्यावर सरकत राहतात, ग्राफिक्स चिप त्या दृश्यांची एकेक चौकट त्या क्षणी रचत असते, आणि एका सेकंदात किती चौकटी रचल्या यावरून अखेरीस गुण मिळतात. दोन भाग ग्राफिक्सचे, एक मुख्य प्रोसेसरचा. या चाचणीत खेळणारा कोणी नसतो. दर वेळी तीच दृश्ये, त्याच क्रमाने, तेवढाच वेळ. वर्गात आपण एकच कविता चाळीस जणांपुढे ठेवतो आणि चाळीस वाचने ऐकतो. येथे संहिता एक आणि वाचकही एकच. बदलायची ती फक्त परिस्थिती. भूमापकाच्या खाचेचे काम हेच होते.

बेंचमार्क चालवला आणि तो चौथ्या मिनिटाला कोसळला. पुन्हा चालवला, दुसऱ्या मिनिटाला. तिसऱ्यांदा पूर्ण झाला, आणि चौथ्यांदा सुरू होता होताच गेला. आम्ही तेव्हा फक्त 'कोसळतो' एवढेच पाहिले. तो दर वेळी वेगळ्या जागी कोसळतो, हे पाहिले नाही. दोष आज्ञावलीच्या एखाद्या ठरावीक ओळीत असता, तर बहुधा ठरावीक दृश्यापाशीच ठेच लागली असती. जागा बदलत राहणे हाच पुरावा होता. आम्ही त्याला गोंधळ समजून बाजूला सारले.

विंडोजमध्ये घडलेल्या घटनांची एक रोजनिशी असते. तीत लिहिले होते, की डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले व नंतर तो पूर्ववत झाला. घटनेचा क्रमांक ४१०१. हे वाचताच आमचा निर्णय झाला: दोष ग्राफिक्सचा, म्हणजे गेमचा, म्हणजे भाच्याचा. या वाक्याचा उगम आम्ही नंतर समजून घेतला. विंडोज व्हिस्टापासून त्या प्रणालीत अशी सोय आहे, की ग्राफिक्स चिपने सोपवलेले काम सुमारे २ सेकंदांत पूर्ण केले नाही आणि वाटही सोडली नाही, तर प्रणाली तिची आशा सोडते, ड्रायव्हर नव्याने सुरू करते आणि तशी नोंद ठेवते. म्हणजे ते वाक्य फक्त कोण निपचित पडला हे सांगते. तो का पडला, त्याला कोणी काय खाऊ घातले होते, याविषयी त्यात अक्षरही नसते. रस्त्यात बेशुद्ध पडलेल्या माणसाचे नाव आम्ही आरोपीच्या रकान्यात लिहून मोकळे झालो होतो.

१९६१ साली वेन बूथ यांनी कादंबरीच्या संदर्भात 'अविश्वसनीय निवेदक' ही संकल्पना मांडली. ती आम्ही दरवर्षी शिकवतो आणि उत्तरपत्रिकांत तिच्यावर गुणही देतो. निवेदक खोटारडाच असतो असे नव्हे. पुष्कळदा तो प्रामाणिक असतो, मात्र त्याला दिसते तेवढेच तो सांगतो. यंत्राचा निवेदक नेमका या जातीचा असतो. २०२३-२४ सालचे एक उदाहरण तर जगजाहीर आहे. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांवर काही गेम सुरू होतानाच 'व्हिडिओ मेमरी संपली' असा संदेश देऊन बंद पडत. ग्राफिक्स कार्डावर भरपूर मेमरी मोकळी असे, तरी संदेश तोच. अनेकांनी कार्डे बदलून पाहिली. वस्तुतः दाबून ठेवलेली माहिती उलगडताना प्रोसेसर चुकत होता, आणि त्या चुकीचा अर्थ पुढच्या आज्ञावलीने आपल्या परीने लावला होता. प्रोसेसर मर्यादेबाहेरचा व्होल्टेज मागत होता, हे इंटेलने २०२४च्या जुलैत मान्य केले, आणि पुढे हमीची मुदत २ वर्षांनी वाढवली. संदेश देणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. त्याच्या जागेवरून तेवढेच दिसत होते.

हे शहाणपण आम्हांला तेव्हा असते तर पुढचे तीन आठवडे वाचले असते. पहिला संशय उन्हावर गेला. नागपूरचा मे महिना, पारा ४४ अंशांवर, कूलर लावला तरी खोली तापलेलीच. लॅपटॉप उघडून पंख्यांतली धूळ काढली, मागची बाजू दोन पुस्तकांवर टेकवून उंच केली, तापमान दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो सुरू ठेवले. ग्राफिक्स चिपचे तापमान ८६ अंशांवरून ७८वर आले; कोसळणे थांबले नाही. भाच्याने तेव्हा एक मुद्दा काढला. चिप फार तापली तर ती आधी स्वतःचा वेग कमी करते, दृश्य अडखळू लागते. येथे तर पूर्ण वेगात असतानाच सगळे जाते. मुद्दा बिनतोड होता. पण दुपारी बेंचमार्क लवकर कोसळे आणि पहाटे बराच वेळ तग धरी, हेही खरे होते. एक पुरावा उष्णतेला सोडवत होता, दुसरा अडकवत होता. आम्ही वैतागून पुढच्या संशयिताकडे वळलो.

दुसरा ड्रायव्हर. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू नावाच्या साधनाने त्याचा मागमूस पुसला, आधीची आवृत्ती बसवली. फरक नाही. तिसरा संशयित अडॅप्टर, कारण बॅटरीवर चालवले की बेंचमार्क निमूट पूर्ण होई. हाती पुरावा लागला असे वाटले. वर्गमित्राचा तेवढ्याच वॉटचा अडॅप्टर आणून लावला; पुन्हा काळोख. बॅटरीवर असताना लॅपटॉप ग्राफिक्स चिपला मुळात कमी वीज देतो, त्यामुळे सगळेच यंत्र निवांत आणि थंड असते, ही साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो. एका वेळी एकच गोष्ट बदलावी हा नियम आम्ही पाळत होतो खरे, पण अडॅप्टर काढताना त्याच्यासोबत वीज, वेग आणि उष्णता अशा तीन गोष्टी एकदम बदलत होत्या. साहित्याच्या वर्गातही हे घडते. अनुवाद आणि मूळ शेजारी ठेवून आपण फक्त भाषा बदलली असे म्हणतो. काळ आणि वाचकही बदलले आहेत हे मागाहून ध्यानात येते.

चौथा प्रयोग चिपचा कमाल वेग थोडा खाली आणण्याचा. कोसळणे कमी झाले, बंद झाले नाही. दुरुस्तीच्या दुकानात हे सांगितले तेव्हा तिथल्या माणसाने मान हलवली. "सर, चिपच गेली. लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच बसवलेली असते, वेगळी बदलता येत नाही. अख्खा मदरबोर्ड टाकावा लागेल." सांगितलेली रक्कम लॅपटॉपच्या किमतीच्या अर्ध्याहून अधिक होती. बहिणीने सोनाराकडे जाण्याची भाषा सुरू केली. भाचा म्हणाला, "राहू दे आई, मी कॉलेजच्या लॅबमध्ये बसून करीन." लॅब संध्याकाळी साडेपाचला बंद होते, आणि प्रकल्प द्यायला १९ दिवस उरले होते. हे आम्हांला माहीत होते. तरी त्या क्षणी आमच्या मनात आले ते हे, की आता तरी याला अद्दल घडेल. येथे लिहायला संकोच वाटतो, पण न लिहिले तर या लेखाला अर्थ उरत नाही.

पैसे भरण्याआधी एक रात्र आम्ही त्याच्याकडे मुक्काम केला. विंडोजमध्ये 'रिलायबिलिटी मॉनिटर' म्हणून एक तक्ता असतो. त्यात यंत्राच्या प्रकृतीचा रोजचा आलेख काढलेला असतो आणि ज्या दिवशी काही बिघडले त्या दिवसाखाली लाल फुली असते. इतके दिवस आम्ही फुल्यांचा मजकूर वाचत होतो. त्या रात्री प्रथमच तारखा वाचल्या. हिवाळाभर आलेख सरळ. पहिली फुली गुढीपाडव्यानंतर दोन दिवसांनी, आणि तिथून पुढे फुल्यांची रांग. आम्ही भाच्याला विचारले, "पाडव्याला काय झालं होतं रे?" तो पडद्याकडेच बघत राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "पाडव्याला तुम्ही रॅम दिली होती, मामा."

लॅपटॉपमध्ये मुळात ८ जीबीची एक रॅमपट्टी होती. मोठ्या दृश्यांना ती अपुरी पडते असे त्याने सहज बोलून दाखवले होते, म्हणून सीताबर्डीच्या एका दुकानातून आम्ही दुसरी ८ जीबीची पट्टी आणली होती. मूळ पट्टीच्या मेळाची घ्या, असे दुकानदाराने सांगितले होते. आम्ही शेजारची स्वस्त उचलली. सणाच्या दिवशी, चांगल्या मुहूर्तावर, ती भाच्याच्या हाती ठेवून आम्ही श्रीखंडाची दुसरी वाटी घेतली होती.

"तुला शंका आली होती?" आम्ही विचारले.

"आली होती. पण तुम्ही दिलेली होती ना. एकदा काढून बघणार होतो. मग तुम्ही रागावलात, तर ते सबब सांगितल्यासारखं झालं असतं."

रात्री ११ वाजता पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ सुरू केले. हा कार्यक्रम विंडोज सुरू होण्यापूर्वीच चालतो. मेमरीच्या प्रत्येक कप्प्यात ठरावीक आकडे लिहितो, ते परत वाचतो आणि जसेच्या तसे आले का ते पाहतो. असे चार फेरे. पहिला फेरा निर्दोष झाला. दुसराही झाला. तिसऱ्या फेऱ्यात, यंत्र पुरेसे तापल्यावर, पडद्यावर लाल ओळी उमटू लागल्या. लिहिले होते एक आणि वाचताना येत होते दुसरेच. मग नवी पट्टी काढून जुनी एकटी तपासली: चार फेरे स्वच्छ. नवी एकटी लावली: चुका. नवी दुसऱ्या खाचेत लावली: चुका तिच्यामागोमाग तिथेही गेल्या. खाच निर्दोष, बोर्ड निर्दोष, ग्राफिक्स चिप निर्दोष. पहाटेचे पाच वाजले होते.

मग साऱ्या विसंगत साक्षी एकेक करून जागेवर बसल्या. दृश्यांचे पोत, आज्ञा, खुद्द ड्रायव्हरची आज्ञावली, हे सगळे ग्राफिक्स चिपकडे जाण्यापूर्वी साध्या रॅममधून जाते. तिथे एखादाच अंक उलटला तरी चिपच्या हाती निरर्थक आज्ञा पडू शकते; ती अडकते, २ सेकंद उलटतात, आणि रोजनिशीत तिच्या नावाची नोंद होते. बिघडलेला कप्पा दर वेळी वेगळ्या कामासाठी वापरला जातो, म्हणून कोसळण्याची जागा बदलते. पट्टी तापली की चुका वाढतात, म्हणून दुपारी लवकर आणि पहाटे उशिरा. ऊन दोषी नव्हते, पण साथीदार होते. चिपचा वेग कमी केला की आतली उष्णता कमी, म्हणून थोडा आराम. सर्व्हरच्या मेमरीत असा उलटलेला अंक ओळखून दुरुस्त करण्याची सोय असते. बहुतेक लॅपटॉपांत ती नसते. तिथे चूक निमूट पुढे जाते आणि दुसऱ्याच्या नावावर उघडकीस येते.

सकाळी जुन्या पट्टीवर टाइम स्पायची ताण-चाचणी लावली. तेच दृश्य लागोपाठ २० वेळा, आणि सर्वांत कमी वेगाची फेरी सर्वांत जास्त वेगाच्या फेरीच्या किमान ९७ टक्के असली तरच उत्तीर्ण. आम्ही दोघे चहाचे कप घेऊन समोर बसलो. ते संग्रहालय विसाव्यांदा पडद्यावरून सरकून गेले आणि आकडा आला: ९८.६. भाच्याने कप खाली ठेवला आणि लगेच प्रकल्पाची फाइल उघडली. आम्ही बहिणीला फोन लावला. "दादा, किती खर्च आला?" तिने विचारले. आम्ही म्हणालो, "खर्च मीच पाडव्याला करून ठेवला होता." तिला ते कळले नाही, मग सगळे सांगितले. ती बराच वेळ काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "त्याला फोन दे." आतल्या खोलीत तो काय बोलला ते आम्ही ऐकले नाही.

आय. ए. रिचर्ड्स यांनी केंब्रिजच्या विद्यार्थ्यांना कवींची नावे न सांगता कविता वाचायला दिल्या आणि १९२९ साली 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम'मध्ये त्यांच्या वाचनातल्या चुकांची छाननी केली. नाव झाकले की वाचकाजवळ किती थोडे उरते, हे त्या पुस्तकाने दाखवले. आम्ही ते पुस्तक अनेक वर्षे शिकवले आहे. तरीही 'गेमिंग' हे एक नाव झाकून त्या यंत्राकडे पाहणे आम्हांला जमले नाही, आणि 'आम्ही दिलेले' हे दुसरे नाव झाकणे तर सुचलेही नाही. इडिपसची शोकात्मिका वर्गात समजावताना शोध घेणाराच गुन्हेगार निघतो हे आम्ही किती सहजपणे फळ्यावर लिहितो! थीब्जमध्ये निदान रोगराई तरी होती. येथे फक्त एक स्वस्त रॅमपट्टी आणि तिच्यापायी तीन आठवडे खाली मान घालून बसलेला मुलगा.

जून-जुलैत उत्तरपत्रिका तपासताना ही हकिकत वारंवार आठवली. दरवर्षी एका विशिष्ट प्रश्नात अनेक उत्तरे अर्ध्यावर कोसळतात. आरंभ बरा असतो, मग एखादी संज्ञा येते आणि पुढचे वाक्य भलतीकडे जाते. आम्ही लाल शाईत 'आकलन अपुरे' असे लिहीत आलो. या वर्षी पंधरा उत्तरे समोरासमोर ठेवून पाहिली. विद्यार्थी वेगवेगळे, हस्ताक्षरे वेगवेगळी, पण चूक शब्दशः एकच. आमच्या जुन्या टिपणांची वही काढली. चूक तिथे होती, आमच्याच अक्षरात, कित्येक वर्षांपूर्वी घाईने उतरवलेली. कोणी विद्यार्थ्याने ती कधी दाखवली नाही. कोणाला दिसलीच नसेल असे आता आम्ही म्हणणार नाही. बहुधा दिसली असेल. पण ती सरांनी दिलेली होती.

असो. भाच्याचा प्रकल्प मुदतीच्या दोन दिवस आधी पूर्ण झाला. नवी रॅम त्याने स्वतः निवडली, जुनीच्या मेळाची. पैसे आम्ही दिले. ते त्याने आढेवेढे न घेता घेतले, याचा आम्हांला आनंद झाला. आणताच रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवला आणि सकाळी आम्हांला पडद्याचा फोटो पाठवला. खाली एकच ओळ होती: "मामा, चार फेरे, शून्य चुका." पाडव्याची पट्टी आमच्या मेजाच्या खणात आहे. उत्तरपत्रिका तपासायला घेताना लाल पेन काढण्यासाठी तो खण उघडावाच लागतो.